मक्याच्या जेनेटिक्सचा ओपन डेटा: नवीन असाल तर सुरुवात इथून करा

मक्यावर काम सुरू करणारी मुलं भेटली की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, डेटा कुठे मिळेल. खरं सांगायचं तर डेटा ढिगाने पडलाय आणि बराचसा फुकट आहे, अडचण वेगळीच आहे, डेटा उतरवून घेतला की पुढे काय करायचं ते कळत नाही आणि दोन फाइल एकमेकींशी जुळतच नाहीत. म्हणून या लेखात नुसती वेबसाइटची नावं देत नाहीये, एक साधा गुण हातात घेऊन त्याच्या मागे मागे सगळीकडे फिरू, म्हणजे कुठली जागा कशासाठी आहे ते आपोआप लक्षात येईल.

गुण घेऊ दाण्याचा रंग. काही मका पिवळा असतो, काही पांढरा. का?

त्याआधी एक गोष्ट सांगतो कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. मक्याच्या लोकांमध्ये डेटा वाटून घ्यायची सवय इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. कॉर्नेल विद्यापीठातले रॉलिन्स इमर्सन यांनी १९२९ मध्ये आपल्या ओळखीच्या मका-संशोधकांना लिंकेजची (कुठली जनुकं क्रोमोसोमवर जवळजवळ असून एकत्र वारशाने जातात त्याची) माहिती सायक्लोस्टाइल करून पाठवली, पेपरात न छापलेली सुद्धा, आणि त्यातूनच मेझ जेनेटिक्स कोऑपरेशन न्यूजलेटर सुरू झालं. उड्या मारणारी जनुकं शोधून १९८३ चं नोबेल मिळवणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक याच मंडळींमधल्या. आज आपण एका क्लिकवर मक्याचे २६ जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए-क्रम, उतरवतो त्याची मुळं त्या टपालाने फिरणाऱ्या कागदांमध्ये आहेत, हे डोक्यात असलं की दुसऱ्याचा डेटा वापरताना माणूस जरा जबाबदारीने वागतो.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागदावर लिहा. "मक्याच्या दाण्याचा पिवळा रंग कुठल्या जनुकामुळे येतो आणि कुठल्या लाइनमध्ये तो आहे" हा चालेल असा प्रश्न आहे. "मला मक्याच्या जीनोमवर काहीतरी करायचंय" हा नाही चालणार, त्याने फक्त हार्ड डिस्क भरते.

प्रश्नाखाली तीन रिकाम्या जागा सोडा: कुठली लाइन (इनब्रेड लाइन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या स्वपरागण करून एकसारखं केलेलं वाण), कुठली जीनोम आवृत्ती, कुठलं शेत आणि कुठलं वर्ष. पुढे जो आकडा हातात येईल त्याच्यासमोर या तीनपैकी ज्या लागू आहेत त्या भरायच्या, भरता येत नसतील तर तो आकडा वापरायचा नाही. बस्स, हा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात, आणि मी पुन्हा पुन्हा याच्यावरच येणार आहे.

पायरी २: मेझजीडीबी उघडा आणि जनुकाचं पान वाचा

मक्याचं माहेरघर म्हणजे मेझजीडीबी. अमेरिकेच्या कृषी खात्याचा संशोधन विभाग ते चालवतो, खातं वगैरे न उघडता बघता येतं. सर्चमध्ये वाय१ टाका. हे पिवळ्या दाण्याचं जुनं, क्लासिकल नाव. पान उघडलं की दिसेल की हे जनुक सहाव्या क्रोमोसोमवर आहे, त्याचं दुसरं नाव पीएसवाय१, आणि ते फायटोइन सिंथेज नावाचं एन्झाइम बनवतं. कॅरोटिनॉइड बनण्याच्या साखळीतली ही पहिली पायरी आहे, म्हणजे इथून पुढे दाण्यात पिवळा-केशरी रंग भरतो.

एकाच जनुकाला दोन-तीन नावं का, हा गोंधळ सुरुवातीलाच मिटवून टाका. जुनी नावं गुण बघून ठेवलेली आहेत, शेतात जे दिसलं ते: वॅक्सी, शुगरी, श्रंकन, ओपेक. नंतर बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी एन्झाइमवरून नावं दिली. आणि मग जीनोम आल्यावर प्रत्येक जनुकाला एक लांबलचक नंबर मिळाला. तिन्ही नावं एका पानावर बांधून ठेवायचं काम मेझजीडीबी करतं, म्हणूनच कुठलाही पेपर वाचताना नाव अडलं की पहिलं इथे यायचं.

पानावर अजून एक गंमत मिळते ती म्हणजे म्युटंटचे (जनुकात बदल झालेल्या झाडांचे) जुने संदर्भ आणि फोटो. ते सोडून लगेच सिक्वेन्स उतरवायला धावू नका, दहा मिनिटं फोटो बघा, वाय१ चा म्युटंट म्हणजे नक्की कसा दाणा ते डोळ्यांसमोर येऊ द्या. पांढऱ्या दाण्याच्या झाडाची पानं मात्र हिरवीगार असतात हेही तिथेच लक्षात येईल, कारण मक्यात फायटोइन सिंथेजची एकूण तीन जनुकं आहेत आणि पानातलं काम बाकीची सांभाळून घेतात.

पायरी ३: आवृत्तीचा घोळ नीट समजून घ्या

इथे मी थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, मी स्वतः सुद्धा घसरलोय. एका जुन्या पेपरातली एसएनपीची (डीएनएतलं एकच अक्षर लाइनपरत्वे बदलतं त्याची) जागा घेतली, नव्या जीनोमवर जाऊन तिथलं जनुक शोधलं, आणि तीन आठवडे भलत्याच जनुकाच्या मागे होतो. पेपरवाल्यांची काही चूक नव्हती, त्यांनी आवृत्ती स्पष्ट लिहिली होती, मीच वाचली नव्हती.

तर गोष्ट अशी आहे. मक्याचा रेफरन्स जीनोम, ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघतात तो, म्हणजे बी७३ नावाच्या इनब्रेड लाइनचा जीनोम. ही लाइन आयोवा स्टेट विद्यापीठाने १९७२ मध्ये दिली. तिचा जीनोम २००९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, आकार साधारण २.३ गिगाबेस, ३२,००० च्या वर जनुकं, दहा क्रोमोसोम, आणि जवळपास ८५ टक्के भाग ट्रान्सपोझॉनचा, म्हणजे मॅक्लिंटॉकबाईंच्या त्याच उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा. एवढा पुनरावृत्तीचा माल असला की तुकडे जोडताना चुका होणारच, पहिल्या जीनोममध्ये फटी होत्या, काही तुकडे उलटे किंवा चुकीच्या जागी बसले होते. मग सुधारणा होत गेल्या. लांब रीड्सच्या (यंत्राने एका दमात वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या) तंत्राने २०१७ मध्ये चौथी आवृत्ती छापून आली, आणि पाचवी आवृत्ती बाकी २५ लाइनच्या जीनोमसोबत आली, त्याचा पेपर २०२१ चा.

प्रत्येक आवृत्तीत जागा सरकतात. तिसऱ्या आवृत्तीत अमुक नंबरच्या बेसवर असलेलं वाय१ चौथीत दुसऱ्या नंबरवर सापडेल. आणि जागाच नाही, जनुकांचे नंबरही बदलतात, पण ते एका अर्थी बरंच आहे कारण नंबर बघून आवृत्ती ओळखता येते:

- जीआरएमझेडएम ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो तिसऱ्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीच्या काळातला
- झेडएम००००१डी ने सुरू होत असेल तर बी७३ ची चौथी आवृत्ती
- झेडएम००००१ईबी ने सुरू होत असेल तर बी७३ ची पाचवी
- झेडएम च्या पुढचे पाच आकडे ००००१ नसतील तर ते जनुक बी७३ चं नाहीच, दुसऱ्या कुठल्या तरी लाइनच्या जीनोममधलं आहे

शेवटी अंडरस्कोर आणि टी००१ असेल तर ते ट्रान्स्क्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत), पी००१ असेल तर प्रोटीन. दोन यादी जुळवताना ही शेपटी एकीत असते आणि दुसरीत नसते, आणि मग "एकही जनुक जुळत नाही" म्हणून लोक डोकं धरून बसतात.

जुन्या नंबरवरून नव्यावर जायचं असेल तर मेझजीडीबीवर जनुकांचे नंबर एका आवृत्तीतून दुसरीत बदलून देणाऱ्या याद्या मिळतात. नुसत्या जागा बदलायच्या असतील तर एन्सेम्बल प्लांट्सवर असेम्ब्ली कन्व्हर्टर आहे, मोठ्या फाइलसाठी क्रॉसमॅप वापरतात. एक जनुक नव्या आवृत्तीत दोन जनुकांत फुटलेलं असू शकतं, दोन जनुकं एक झालेली असू शकतात, आणि काही तर गायबच. अशी जनुकं गुपचूप वगळू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, शेवटी कळतं की त्यातच काहीतरी कामाचं होतं.

अजून दोन बारीक खाचा. काही फाइलमध्ये क्रोमोसोमचं नाव नुसतं ६ असतं, काहींमध्ये सीएचआर६. आणि व्हीसीएफ (एसएनपीसारखे फरक) किंवा जीएफएफ३ (जनुकांच्या जागा) फाइलमध्ये मोजणी १ पासून सुरू होते, बेड (जागांची साधी यादी) फाइलमध्ये ० पासून. एका बेसचा फरक म्हणजे काही नाही असं वाटतं, पण एसएनपीची जागा एका बेसने चुकली तर ती दुसरीच जागा झाली ना.

पायरी ४: एक जीनोम म्हणजे सगळा मका नव्हे

बी७३ पिवळा आहे. समजा तुमची लाइन पांढरी आहे, उष्ण प्रदेशातली आहे, तर बी७३ मध्ये जे आहे ते तिच्यात असेलच असं नाही. त्या २६ जीनोमच्या पेपरात सगळी मिळून १,०३,००० च्या वर पॅन-जनुकं (सगळ्या लाइन मिळून सापडलेली वेगवेगळी जनुकं) निघाली आणि सगळ्या २६ लाइनमध्ये असलेली त्यातली साधारण एक तृतीयांशच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

हे २६ म्हणजे कोण, तर बी७३ आणि नॅम नावाच्या पॉप्युलेशनचे बाकी २५ पालक. नॅममध्ये प्रत्येक पालकाचा बी७३ शी संकर करून प्रत्येकी साधारण २०० अशा मिळून जवळपास ५,००० इनब्रेड लाइन तयार केल्या. पालकांची नावं ओळखीची करून घ्या, पुढे सारखी भेटतात. सीएमएल ने सुरू होणाऱ्या लाइन मेक्सिकोच्या सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, केआय३ आणि केआय११ थायलंडकडच्या, एचपी३०१ पॉपकॉर्न, आयएल१४एच आणि पी३९ स्वीट कॉर्न, आणि एम३७डब्ल्यू, एम१६२डब्ल्यू, एमओ१८डब्ल्यू मधला शेवटचा डब्ल्यू म्हणजे पांढरा दाणा. बघा, आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नावातच आहे.

मग करायचं काय, तर मेझजीडीबीच्या जीनोम ब्राउझरमध्ये वाय१ उघडून एकदा बी७३ मध्ये बघायचं आणि एकदा एम३७डब्ल्यू मध्ये. जनुकाच्या आधीचा भाग, म्हणजे प्रमोटर, विशेष लक्ष देऊन बघा. पिवळ्या मक्यात हे जनुक दाण्याच्या एंडोस्पर्ममध्ये (आतल्या पिठूळ भागात) चालू असतं, पांढऱ्यात तिथे ते पुरेसं चालत नाही. माणसांनी पिवळा दाणा आवडीने निवडला म्हणून पिवळ्या लाइनमध्ये या जनुकाच्या आजूबाजूला विविधता खूपच कमी झालेली दिसते, पांढऱ्यांत ती शिल्लक आहे. निवडीचा ठसा जीनोमवर कसा उमटतो ते शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पायरी ५: जीनोटाइप डेटा उतरवणे

आता बऱ्याच लाइनचा जीनोटाइप, म्हणजे कुठल्या जागी कुठलं डीएनए-अक्षर आहे तो डेटा हवा. नवीन माणसाने कुठला पॅनल (लाइनचा संच) घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे, २८२ लाइनचा गुडमन पॅनल घ्या. लहान आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि त्याच्यावर इतकं काम झालंय की आपलं उत्तर बरोबर का चूक ते पडताळता येतं. त्याहून मोठा म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय बियाणे संग्रहातल्या २,८१५ इनब्रेड लाइनचा एम्स पॅनल, त्याचा ६,८१,२५७ एसएनपीचा डेटा २०१३ मध्ये आला. आणि हॅपमॅप३ म्हणजे १,२१८ लाइन आणि ८ कोटी ३० लाख व्हेरियंट (लाइनमध्ये फरक असलेल्या जागा), याला सुरुवातीला हात लावू नका, उतरवायलाच दिवस जातो. अगदीच खुमखुमी असेल तर दहावं क्रोमोसोम तेवढं घ्या, ते सगळ्यात लहान.

हा माल पॅन्झिया प्रकल्पाचा, मोठ्या फाइल सायव्हर्स नावाच्या साठ्यात ठेवलेल्या असतात. कच्चे रीड्स हवे असतील तर अमेरिकेच्या एनसीबीआयच्या एसआरए किंवा युरोपच्या ईएनए या साठ्यांमध्ये, पण कच्चे रीड्स नवीन माणसाला लागत नाहीत, कोणीतरी आधीच व्हेरियंट काढून ठेवलेले असतात ते वापरा.

फाइल उघडण्याआधी रीडमी वाचा. मग पुढच्या गोष्टी शोधा. आवृत्ती कुठली (पायरी ३ आठवा). डेटा इम्प्यूट केलेला आहे की नाही, कारण जीबीएस (जीनोमचा थोडासाच भाग वाचायच्या स्वस्त) पद्धतीने काढलेल्या जीनोटाइपमध्ये रिकाम्या जागा खूप असतात, कव्हरेजच कमी असतं, आणि इम्प्यूट केलेल्या फाइलमध्ये त्या अंदाजाने भरलेल्या असतात. भरलेली फाइल दिसायला सुंदर असते पण तिच्यातलं प्रत्येक अक्षर मोजलेलं नाही हे विसरू नका, दुर्मीळ व्हेरियंट शोधत असाल तर न भरलेली फाइलच बघा. हॅपमॅप फॉरमॅटमध्ये एन म्हणजे माहिती नाही, आर म्हणजे ए आणि जी दोन्ही, वाय म्हणजे सी आणि टी दोन्ही. इनब्रेड लाइनमध्ये अशी दोन-दोनवाली अक्षरं खूप जास्त दिसली तर बियाणं मिसळलंय किंवा मोजणी चुकलीय अशी शंका घ्या.

आणि लाइनची नावं. हे किरकोळ वाटतं पण सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. एका फाइलमध्ये एमओ१७ मोठ्या अक्षरात, दुसरीत ओ लहान, तिसरीत मध्ये स्पेस. सीएमएल२४७ कधी जोडून कधी तोडून. गुडमन पॅनलमध्ये ३३-१६ आणि ३८-११ अशा नावाच्या लाइन आहेत, ४२२६ आणि ४७२२ अशा नुसत्या आकड्यांच्या पण आहेत, स्प्रेडशीटमध्ये फाइल उघडली की अशा नावांची तारीख किंवा संख्या होऊ शकते आणि सेव्ह केलं की गेलं. म्हणून तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच वाचायचा, नावं सगळी एका पद्धतीने करणारी एक छोटी यादी स्वतः बनवायची, आणि मूळ फाइलला हातच लावायचा नाही.

पायरी ६: गुणांचा डेटा, म्हणजे शेतातले आकडे

जीनोटाइप एकदा मोजला की झालं, शेतातला आकडा मात्र दरवर्षी वेगळा. दाण्याच्या रंगाला शेताचा फार फरक पडत नाही म्हणून तर आपण तो निवडला. तरी त्यातही खाच आहे. लाल सालीच्या दाण्यात आतला रंग दिसतच नाही. आणि पांढरा दाणा दोन कारणांनी येतो: एक तर वाय१ नीट चालत नाही म्हणून रंग बनतच नाही, किंवा रंग बनतो पण नंतर मोडला जातो. दुसरं कारण म्हणजे व्हाइट कॅप, नवव्या क्रोमोसोमवर, तिथे कॅरोटिनॉइड तोडणाऱ्या जनुकाच्या बऱ्याच प्रती एकामागे एक लागलेल्या असतात. फाइलमध्ये दोन्हींसमोर "पांढरा" एवढंच लिहिलेलं असणार. फेनोटाइपचा कॉलम म्हणजे कोणीतरी शेतात उभं राहून केलेली नोंद आहे, त्यामागे जीवशास्त्र काय आहे ते त्या कॉलमला माहीत नसतं.

रंगाच्या पुढे जाऊन उत्पादन, उंची, फुलोरा असे गुण हवे असतील तर दोन मोठ्या जागा आहेत.

पहिली, जीनोम्स टू फील्ड्स. २०१४ च्या हंगामापासून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आणि कॅनडात ओंटारिओमध्ये तेच तेच हायब्रीड लावून मोजतात, सोबत शेतातल्या हवामान केंद्राचा आणि मातीचा डेटा, सगळं वर्षवार खुलं. त्यांनी २०२२ च्या हंगामासाठी एक स्पर्धा पण ठेवली होती, आधीच्या वर्षांचा डेटा देऊन उत्पादनाचा अंदाज सांगा म्हणून, तो डेटा एकत्र करून बऱ्यापैकी साफ केलेला आहे, मशीन लर्निंगवाल्यांनी तिथूनच सुरू करावं. लक्षात ठेवा की इथे हायब्रीड आहेत, म्हणजे नावात दोन पालक असतात, आणि जीनोटाइप बहुतेक वेळा पालकांच्या जीनोटाइपवरून जोडून काढावा लागतो.

दुसरी, सिमिटचा डेटाव्हर्स. उष्ण प्रदेशातला मका, दुष्काळ, कमी नत्र, रोग असं काही हवं असेल तर इथे या. प्रत्येक डेटासेटला वेगळा डीओआय (कायमचा ओळख-नंबर) आणि वेगळी लायसन्सची अट असते. शोधायची पद्धत थोडी सावकाशीची आहे, पण वर्णन वाचत बसलात तर चांगला माल सापडतो. एकेकट्या पेपरांचा डेटा ड्रायड, झेनोडो, फिगशेअर इथे विखुरलेला असतो, तो पेपरातल्या "डेटा उपलब्धता" परिच्छेदातून शोधायचा.

एककं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अमेरिकी डेटात उत्पादन बुशेल प्रति एकर असतं आणि ते १५.५ टक्के ओलाव्याला बसवलेलं असतं. मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, २५.४ किलो, म्हणून १ बुशेल प्रति एकर म्हणजे ६२.७७ किलो प्रति हेक्टर. १०० बुशेल म्हणजे सुमारे ६.२८ टन हेक्टरी. दुसरीकडच्या डेटात ओलावा वेगळा धरलेला असू शकतो, कच्च्या वजनासोबत ओलाव्याचा कॉलम दिलेला असेल तर स्वतः एका पातळीला आणा. फुलोऱ्याचंही तसंच, तुरा परागकण सोडायला लागल्याचे दिवस आणि कणसाचे केस बाहेर पडल्याचे दिवस हे दोन वेगळे कॉलम आहेत, आणि दिवसांऐवजी उष्णतेची बेरीज असेल तर ती बहुधा १० अंशांच्या वर आणि ३० अंशांपर्यंत धरून मोजलेली असते.

हवामान नसेल तर नासा पॉवर वरून १९८१ पासूनचा रोजचा डेटा अक्षांश-रेखांश टाकून मिळतो. पण तो एका मोठ्या चौकोनाची सरासरी असतो, त्या शेताचा नव्हे. पाऊस तर शेजारच्या दोन शेतांत वेगळा पडतो, त्यामुळे शेतातल्या केंद्राचा आकडा असेल तर तोच आधी घ्या.

पायरी ७: पहिलं विश्लेषण, उत्तर माहीत असलेलं

आता रंग आणि एसएनपी जोडून बघायचे. टॅसल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉर्नेलच्या बकलर लॅबचं, मक्यासाठीच बनलेलं, माउसने चालवता येतं. पिवळ्याला १, पांढऱ्याला ० द्या, बाकी रंगाच्या लाइन या वेळी वगळा, आणि असोसिएशन (कुठला एसएनपी गुणासोबत बदलतो ते तपासणारी आकडेमोड) चालवा, त्याचं क्रोमोसोमवार चित्र मिळतं. सहाव्या क्रोमोसोमवर वाय१ च्या आजूबाजूला उंच टोक दिसायला पाहिजे. एम्स पॅनलच्या २०१३ च्या पेपरात नेमकं हेच करून दाखवलंय, त्यामुळे तुमचं चित्र समोर ठेवून ताडून बघता येतं.

टोक दुसरीकडेच आलं किंवा सगळीकडेच टोकं आली तर घाबरू नका, याच्यासाठीच तर उत्तर माहीत असलेला प्रश्न घेतला. दोनच कारणं असतात बहुतेक वेळा. एक म्हणजे नावं जुळवताना ओळी सरकल्या. दुसरं म्हणजे लाइनमधलं नातं लक्षात घेतलं नाही: उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच लाइन पांढऱ्या असतात, आणि त्या एकमेकींच्या जवळच्याही असतात, त्यामुळे "उष्ण प्रदेशातली" असण्याशी निगडित हजारो एसएनपी रंगाशी निगडित असल्यासारखे दिसतात. याच्यासाठी पीसीए (लाइनचे गट दाखवणारे आकडे) आणि किनशिप मॅट्रिक्स (कोण कोणाच्या किती जवळचं त्याचा तक्ता) घालून, हे नातं हिशोबात धरणारं मिक्स्ड मॉडेल चालवायचं, टॅसलमध्ये दोन्ही बनवता येतात. आधी त्यांच्याशिवाय चालवा आणि मग त्यांच्यासह, दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी बघितला की पुस्तकातलं पान आयुष्यभर लक्षात राहतं.

ते जमलं की स्वीट कॉर्न विरुद्ध साधा मका करून बघा, चौथ्या क्रोमोसोमवर शुगरी१ यायला हवं. आणि मग फुलोरा घ्या, तेव्हा असं एक उंच टोक येणार नाही. नॅमवर जवळपास दहा लाख झाडं आठ पर्यावरणांत (ठिकाण आणि वर्ष मिळून एक) मोजून २००९ मध्ये दाखवलं गेलं की मक्याचा फुलोरा खूप साऱ्या छोट्या छोट्या जागांनी मिळून ठरतो. रंगावरून फुलोऱ्याकडे आलं की कळतं की सोपा गुण आणि गुंतागुंतीचा गुण यात फरक काय असतो.

जनुक कुठल्या भागात आणि कधी चालू असतं ते बघायला मेझजीडीबीवरच क्यूटेलर आहे, वाय१ टाकून दाणा आणि पान शेजारी ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ८: बियाणं मागवायचं असेल तर

स्क्रीनवरच्या लाइनचं खरं बियाणंही मिळतं, हे मक्याचं फार मोठं भाग्य आहे. इनब्रेड लाइन आणि जुने वाण अमेरिकेच्या ग्रिन-ग्लोबल मधून, मक्याचा साठा आयोवातल्या एम्समध्ये आहे. म्युटंट हवे असतील तर इलिनॉयच्या अर्बानामधलं मेझ जेनेटिक्स कोऑपरेशन स्टॉक सेंटर, युनिफॉर्मम्यू चे डब्ल्यू२२ लाइनमधले इन्सर्शन तिथूनच मिळतात, म्हणजे तुमच्या जनुकात ट्रान्सपोझॉन घुसलेलं रोप आधीच कोणीतरी बनवून ठेवलेलं असू शकतं. मेझजीडीबीच्या जनुकाच्या पानावर ते दिसतं. सिमिटच्या जीन बँकेत हजारो जुने स्थानिक वाण आहेत, आणि जगातल्या अनेक बँका एकत्र शोधायच्या असतील तर जेनेसिस पोर्टल.

मागवताना आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र याची चौकशी आधी करा, पाकीट सीमेवर अडलं तर हंगाम जातो. सिमिटसारख्या बँकेचं बियाणं आंतरराष्ट्रीय वनस्पती कराराच्या प्रमाणित साहित्य-हस्तांतरण करारनाम्यावर येतं. त्या कराराच्या यादीत मका आहे, पण मक्याचे तीन जंगली नातेवाईक, झिया पेरेनिस, झिया डिप्लोपेरेनिस आणि झिया लक्झुरियन्स, वगळलेले आहेत, त्यांच्यावर काम करायचं असेल तर अटी वेगळ्या पडतात.

पायरी ९: अटी, श्रेय आणि तुमचा स्वतःचा डेटा

खुला म्हणजे बिनमालकाचा नव्हे. लायसन्स सीसी झिरो असेल तर कायद्याने काही अट नाही, सीसी बाय असेल तर श्रेय द्यावंच लागतं. काही डेटा पेपर यायच्या आधीच खुला केलेला असतो, आणि तिथे लिहिलेलं असतं की पूर्ण जीनोमभरचं पहिलं विश्लेषण आम्हाला करू द्या. २००९ च्या टोरांटो निवेदनापासून ही पद्धत चालत आलीय, ती पाळा, शंका असली तर एक ईमेल करा, मला तरी आजवर साधं विचारल्यावर कोणी वाकडं उत्तर दिलेलं नाही. पेपरात डेटासेटचा डीओआय आणि उतरवल्याची तारीख दोन्ही लिहा, कारण फाइलही दुरुस्त होऊन पुन्हा चढवल्या जातात.

तुमचा डेटा तयार झाला की झेनोडो किंवा तशाच साठ्यात ठेवा, पाच केबी असला तरी. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल द्या. तिच्यात लाइनची नावं जशी बियाण्याच्या पाकिटावर होती तशी आणि बियाणं कुठून आलं त्याचा नंबर, जीनोम आवृत्तीचं पूर्ण नाव (नुसतं "बी७३" नको, "झेडएम-बी७३-रेफरन्स-नॅम-५.०" असं), शेताचे अक्षांश-रेखांश, पेरणीची तारीख, प्रत्येक कॉलमचं एकक, रिकाम्या जागेला काय लिहिलंय, आणि कुठले प्लॉट का वगळले. शेवटची ओळ लोक हमखास टाळतात. गारपिटीने झोपलेला प्लॉट गुपचूप काढून टाकला की पुढच्या माणसाला वाटतं तिथे काही लावलंच नव्हतं, म्हणून काढला असेल तर तारीख घालून कारण लिहा आणि मूळ आकडा वेगळ्या कॉलममध्ये राहू द्या.